अजून एकच मॅच

हिरोडोटसने लिडियातल्या दुष्काळाची एक आख्यायिका सांगितली आहे. अन्न पुरेना, तेव्हा तिथल्या लोकांनी फासे, चेंडू असे खेळ काढले. एक दिवस खेळात भूक विसरायची, दुसऱ्या दिवशी खेळ बाजूला ठेवून जेवायचं. अशी म्हणे १८ वर्षं निभावली. दुष्काळ मात्र हटला नाही, आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून अर्ध्या प्रजेला देश सोडावा लागला. खरं-खोटं हिरोडोटस जाणे. पण खेळाने संकट सोसता येतं, संपत मात्र नाही, एवढं या कथेतून नेमकं कळतं. आपल्याकडे मोबाइल गेमवरून घरोघरी जी भांडणं होतात, त्यांत हा मुद्दाच येत नाही. तिथे हिशेब मांडला जातो तो फक्त तासांचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत जागा दिली, पण त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, अशी लक्षणं साधारण वर्षभर दिसली तर तो विकार. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ फ्रोडे स्टेनसेंग यांनी पलायनाचेच दोन प्रकार केले आहेत. एकात माणूस काही नवं, आनंदाचं मिळवायला रमतो. दुसऱ्यात नकोसे विचार दाबायला. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, पण मनाच्या खालावलेल्या स्थितीशी संबंध आढळतो तो दुसऱ्याचा. परीक्षा संपल्यावर रात्रभर खेळणारा आणि निकालाची धास्ती विसरायला रोज तासभर खेळणारा, यांतल्या दुसऱ्याची काळजी जास्त करायला हवी. घड्याळ नेमकं उलटं सांगतं.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीत बुडणं हेही पलायनच की. आहेच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण कादंबरीला शेवटचं पान असतं. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये शंभर जण पॅराशूटने उतरतात, वर्तुळ आक्रसत जातं, आपण मारले जातो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा ‘स्टार्ट’चं बटण समोर. हरल्याची चुटपुट ताजी असतानाच पुढची मॅच हाताशी असते. कँडी क्रशमध्ये पाच ‘लाइफ’ संपल्या की अर्ध्या तासाने एक परत मिळते, थांबायला लावणारी ही सोय खरं तर पुन्हा बोलावणारी आहे (घाई असेल तर पैसे मोजा!). थांबण्याची जागाच अशी पुसून टाकल्यावर ‘मनावर ताबा ठेव’ हा उपदेश फारसा कामाचा राहत नाही.

मग सरकारनेच वेळ बांधून द्यावी का? चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांना सुट्टीचे दिवस सोडून दिवसाला दीड तासाची मर्यादा घातली. पुढे अब्जावधी तासांच्या खेळाच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या नियमानंतर अति खेळण्याचं प्रमाण घटल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यात मिळाला नाही. त्याआधीच, २०२१ मध्ये, चीनचे नियम आणखी आवळले गेले होते. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने मात्र सोळा वर्षांखालच्यांसाठीची आपली मध्यरात्रीची बंदी उठवायचं ठरवलं.

आत्मसंयमाची आपली कल्पनाही तपासावी लागेल. मोहाशी दात-ओठ खाऊन झुंजणारा तो संयमी, असं आपण धरून चालतो. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या प्रौढांच्या रोजच्या इच्छांची नोंद घेतली, तेव्हा आढळलं की संयमी माणसांवर झुंजण्याची वेळच कमी येते. म्हणजे निर्णय मॅचच्या आधी व्हायला हवा: नोटिफिकेशन बंद, फोन रात्री दुसऱ्या खोलीत, आणि ‘दोनच मॅच’ हे स्क्वॉडमधल्या मित्रांना सुरुवातीलाच सांगितलेलं. डाव अर्धा टाकून उठायला सांगणाऱ्या आईवडिलांना ठाऊक नसतं, की त्याने मुलगा चार सोबत्यांत तोंडघशी पडतो.

कंपन्या स्वतःच लगाम घालतात, असाही एक युक्तिवाद असतो. बीजीएमआय बंदीनंतर २०२३ मध्ये भारतात परतला तो वेळेची मर्यादा घेऊन: अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा. सहा तास म्हणजे जवळजवळ ऑफिसची एक पाळी. एवढी सैल मर्यादा आड यावी असे खेळाडू असतील तरी किती?