सापळ्याची निवड आणि मांडणी : गडमुडशिंगीच्या शिवारातील काही शब्दांच्या आधारे

प्रस्तुत लेखाचे निमित्त अगदी घरगुती आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी या गावी शेतीविषयक शब्दांचे संकलन करीत असताना मी एका शेतकरी कुटुंबाच्या माडीवरील खोली काही महिने वापरीत होतो. संकलनाच्या चिठ्ठ्या तेथेच एका लाकडी खोक्यात ठेवलेल्या असत. एके सकाळी ‘प’पासून ‘म’पर्यंतच्या बहुतेक चिठ्ठ्या कुरतडलेल्या आढळल्या. उंदरांनी घात केला, असे मी घरधन्यांना सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, “सर, उंदीर म्हंजे कंचा?” हा प्रश्न वस्तुतः शब्दांच्या अभ्यासकाने विचारावयाचा, तो त्यालाच विचारला जावा, यातील विनोद मला पुढे कळला. त्या वेळी मात्र मी बाजारातून एक पिंजरा आणून जिन्याखाली ठेवला आणि पुढचे तीन दिवस तो रिकामाच राहिला.

सापळ्याची निवड ही प्राण्याच्या ओळखीपासून सुरू होते, आणि ती ओळख ‘उंदीर’ या एका शब्दाने होत नाही. आपल्या घरांत वावरणारा काळसर उंदीर हा मुळात चढणारा प्राणी आहे. तुळई, वासे, कौलांखालची फट हे त्याचे मार्ग होत. त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने भिंतीच्या कडेला काळपट पट्टा उमटतो व त्यावरून त्याची नित्याची वाट ओळखता येते. बोटाएवढा लहान घरउंदीर हा निराळा. त्याचे वजन पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास असते व मोठ्या उंदरासाठी बसविलेला खटका त्याच्या भाराने पुष्कळदा सुटतच नाही. शेतातला उंदीर बिळे करणारा, तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग टाकणारा आणि आत धान्याचा साठा करणारा. घूस ही त्याचीच थोरली नातलग. ती वजनाला अर्ध्या किलोच्या पुढेही जाते आणि जोत्याखालची माती उपसून भिंत खचविते. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नव्हे. ती किडे खाते, आणि तिला पकडण्यात घरधन्याचा काहीच लाभ नसतो.

संस्कृतातील नावांकडे पाहिले तर हा भेद जुन्या लोकांच्या नजरेत होता असे दिसते. ‘मूषक’ या शब्दाचा संबंध ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूशी आहे, तर ‘आखु’ची पारंपरिक व्युत्पत्ती ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूकडे नेते. एक चोर, दुसरा खणणारा. मराठीने या दोहोंना बाजूस ठेवून ‘उन्दुर’पासून आलेला ‘उंदीर’ सर्वांसाठी राखला. खणणाऱ्यांतल्या थोरल्या प्राण्याला मात्र ‘घूस’ हे वेगळे नाव राहिले. तेलुगू भाषकांनी याच प्राण्याला ‘पंदिकोक्कु’ म्हटले, म्हणजे डुकरासारखा उंदीर. इंग्रजांनी तो शब्द उचलून ‘बॅन्डिकूट’ केला आणि नंतर ऑस्ट्रेलियातील एका पोटपिशवीच्या प्राण्यालाही तेच नाव देऊन टाकले. शब्द चुकीच्या प्राण्यावर बसल्याने कोणाचे बिघडत नाही. सापळ्याच्या बाबतीत मात्र तसे नसते.

आता साधनांच्या नावांकडे वळू. ‘सापळा’ हा मराठीतील सर्वसमावेशक शब्द. त्याचा दुसरा अर्थ हाडांचा सांगाडा. ‘पिंजरा’ हा संस्कृत ‘पञ्जर’वरून आला आणि त्या ‘पञ्जर’लाही हेच दोन अर्थ आहेत, हे ‘अस्थिपंजर’ या समासावरून सहज ध्यानात येईल. परस्परांशी रूपाने काही नाते नसलेल्या दोन शब्दांत अर्थांची हीच जोडी आढळावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. काड्यांची किंवा गजांची चौकट आणि तिच्यातील पोकळी, ही कल्पना दोन्हीकडे मूळ असावी असे मला वाटते. ‘चाप’ या शब्दात ताण आणि दाब या दोन्ही कल्पना एकत्र येतात : संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, मराठीत चापणे म्हणजे दाबणे. ‘फास’ हा ‘पाश’चा वंशज, ‘पनस’चा ‘फणस’ व ‘परशु’चा ‘फरशी’ झाला तसाच येथेही प-काराचा फ-कार झाला आहे. चौकट कोंडते, चाप दाबतो, फास आवळतो. प्रत्येक नावात त्या साधनाची कृती सांगितलेली आहे, आणि निवड करणाऱ्याने प्रथम तीच ऐकावयास हवी.

घरासाठी पिंजरा पुरेसा होतो. आतील आकडीला खाद्य अडकवावयाचे, दार वर ओढून कडी खटक्यात बसवावयाची; आकडी हलली की कडी सुटते व स्प्रिंगने दार पडते. यंत्र सोपे आहे. चूक होते ती जागेत आणि घाईत. उंदीर मोकळ्या जमिनीवरून सहसा जात नाही, भिंतीला अंग घाशीत जातो. म्हणून पिंजरा भिंतीलगत, तोंड त्याच्या वाटेकडे करून ठेवावा. चापाचा सापळा असल्यास तो भिंतीशी काटकोनात, खाद्याची बाजू भिंतीकडे करून मांडावा. माझा पिंजरा जिन्याखाली होता आणि माझा चोर तुळईवरून येत होता. तो खाली उतरण्याचे कारणच नव्हते.

दुसरी चूक घाईची. मोठा घरउंदीर नव्या वस्तूला भितो. ओळखीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की काही दिवस तिला वळसा घालतो. लहान घरउंदराचे उलट आहे, तो नवी वस्तू हुंगावयास येतो. म्हणून मोठ्या उंदरासाठी पिंजरा दोन-तीन रात्री दार बांधून उघडाच ठेवावा, आत खाद्य ठेवावे व ते त्याला सुखाने खाऊ द्यावे. खाद्य रोज नाहीसे होऊ लागले की मग खटका बसवावा. “आधी पाव्हणा करा, मग धरा,” असे घरधनी म्हणाले. ही युक्ती कृषिविद्यापीठांच्या शिफारशींतही आहे, परंतु तिचे असे सुटसुटीत वर्णन मला तेथे आढळले नाही.

खाद्याला आपण ‘आमिष’ म्हणतो. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, आणि ‘सामिष’, ‘निरामिष’ या शब्दांत तो अर्थ आजही शिल्लक आहे. मराठीत मात्र आमिष मांसापासून सुटून केवळ प्रलोभन झाले, आणि निवडणुकीच्या बातम्यांत तर ते नित्याचेच झाले आहे. गडमुडशिंगीतले आमिष पूर्ण निरामिष असते : तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भजे, सुके खोबरे, शेंगदाणा. ज्या घरात शेंगांची पोती भरलेली आहेत तेथे शेंगदाणा लावून उपयोग नाही. जे सहज मिळते त्यासाठी कोणीही पिंजऱ्यात शिरत नाही.

शेतातील मांडणी निराळी. येथील आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो व सुमारे अठरा महिने उभा राहतो. भुईमूग, सोयाबीन, भात ही पिके निघून गेली की उंदराला आडोसा उरतो तो उसाचाच. म्हणून आजूबाजूची पिके उभी असताना, उंदीर बांधांवर विखुरलेले असतात त्या वेळीच काम करणे लाभाचे ठरते. प्रथम राहती बिळे शोधावयाची. त्याची रीत अशी : सायंकाळी बांधावरील सर्व बिळांची तोंडे चिखलाने बुजवावी आणि सकाळी फेरी मारावी. जी पुन्हा उघडली ती राहती. साधने तेवढ्याच बिळांपाशी मांडावी. एकट्याने हे करून फारसा उपयोग नाही, कारण शेजारच्या बांधावरून रिकाम्या बिळात नवा कुळ येतो.

येथे तंजावरचे स्मरण होते. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत बांबूचे धनुष्याकृती सापळे वापरण्याची जुनी परंपरा आहे. वाकविलेला बांबू, त्याला ताणलेली दोरी, मध्ये खाद्य; उंदराने खाद्याला तोंड लावले की ताण सुटतो व दोरी आवळते. हे साधन पारधी सायंकाळी बांधावर ओळीने मांडतात आणि पहाटे गोळा करतात. चाप आणि फास हे दोन्ही शब्द या एकाच साधनाला लागू पडतात. १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांची सत्ता तंजावरी होती व तेथील मराठी भाषकांच्या बोलीचा अभ्यासही झाला आहे; त्या अभ्यासकांनी शेतीची अवजारेही जरूर पाहावी.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, हे सांगणे अवश्य आहे. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होते आणि पायाला चिरा पडलेल्या शेतकऱ्याला ती चिखलातूनही होऊ शकते. शिवाय शरीर थंड होताच पिसवा ते सोडून दुसरे शरीर शोधतात. १८९८ मध्ये सिमोंद याने कराचीत प्लेगच्या प्रसाराचे हेच मर्म दाखवून दिले होते.

आता मुख्य मुद्दा. पुढे एकदा मी बांधावरच्या एका राहत्या बिळापाशी पिंजरा मांडला, आणि सकाळी त्यात मुंगूस सापडले. दार वर ओढले, ते निघून गेले. उंदरांचा शत्रूच सुखरूप परतला. त्या जागी तारेचा फास असता तर मी सकाळी मेलेले मुंगूस पाहिले असते. पिंजरा निर्णय माणसाकडे सकाळपर्यंत राखून ठेवतो. फास आणि चाप तो निर्णय रात्रीच, अंधारात, स्वतः घेतात. ज्या वाटेने एकच प्रकारचा प्राणी जातो तेथे चाप क्षम्य आहे; जेथे मांजर, मुंगूस, उदमांजर, घोरपड हीही जातात तेथे नाही. उंदीर चिकटवून ठेवणाऱ्या फळ्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांत प्राणी तासन्‌तास तडफडतो, आणि चिमणीपासून सरड्यापर्यंत सर्व काही चिकटते.

साधनालाच निवड करावयास लावण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झालेला आहे. तेथील रॅकून हा प्राणी आपल्या उदमांजराप्रमाणे माळ्यावर शिरणारा व फळे खाणारा. त्याचे नाव व्हर्जिनियातील अल्गोंक्वियन भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘हातांनी खरवडणारा’ असा होतो. त्याच्यासाठी जमिनीत रोवावयाची एक अरुंद नळी तयार केली जाते. खाद्य नळीच्या तळाशी, आणि ओढावयाचा खटकाही तेथेच. रॅकून हात घालून ओढतो, कुत्र्याला तसा हात घालता येत नाही. प्राण्याच्या नावात जी सवय नोंदली गेली तीच साधनाने हेरली आहे. पंजा मात्र त्यातही अडकतो, हे विसरू नये.

फासाचे ज्ञान आपल्याकडे ज्या समाजाच्या नावातच गोवले गेले तो फासेपारधी समाज होय. तातीचे फास, ते रोवण्याच्या खुंट्या, तित्तिराची व सशाची वाट ओळखण्याची नजर, ही त्यांची विद्या होती. कोणता फास कोठे लावू नये हेही त्या विद्येचेच अंग होते. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची जी पद्धत सुरू केली तिच्या जाळ्यात पारधीही सापडले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी त्याआधीच फासेपारध्यांना आश्रय व काम दिले होते. तरीही नावाला चिकटलेला संशय आजही गेलेला नाही. दुचाकीच्या क्लचची तार घेऊन रानडुकरासाठी उसाच्या कडेला फास लावणारा बागाईतदार स्वतःला पारधी म्हणवून घेणार नाही. त्याच्या फासात मात्र बिबट्याही सापडू शकतो.

शब्दांच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. गडमुडशिंगीत मी अनेकांना विचारले : फास लावणे ही शिकार आहे काय? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे होते. शिकार म्हटली की बंदूक, कुत्री, पाठलाग. फास ‘लावतात’, जाळे ‘पसरतात’, सापळा ‘मांडतात’ किंवा ‘रचतात’. यांतील एकाही क्रियापदात मारणे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने केलेली शिकारीची व्याख्या मात्र पकडणे, फासात वा सापळ्यात अडकविणे, आमिष दाखविणे, इतकेच नव्हे तर यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व आपल्यात सामावून घेते. त्याच अधिनियमाच्या दृष्टीने फास आणि सापळा ही शस्त्रे आहेत. घरातील व शेतातील उंदीर संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचींत येत नाहीत, म्हणून पिंजऱ्याला अडचण नाही. मुंगूस, उदमांजर, साळिंदर, रानडुक्कर यांचे तसे नाही. पिकाची नासाडी झाल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करणे हा मार्ग आहे. ज्या माणसाच्या बोलीत ‘लावणे’ आणि ‘मारणे’ हे वेगळे आहेत, त्याला हे केवळ कायद्याचे कलम वाचून दाखवून समजणार नाही. मी घरधन्यांना ते त्यांच्याच शब्दांत सांगून पाहिले : फास लावला म्हणजे बंदूक झाडून घरी झोपायला गेल्यासारखे आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “आन्‌ गोळी रातभर फिरत ऱ्हाती, व्हय?”

त्या हंगामात आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या बांधावरची एकोणीस बिळे बुजविली. सकाळी सात उघडलेली होती. तेथे सात पिंजरे हवे होते. आमच्यापाशी चार होते.