उपोसथ, इन्सुलिन आणि मधुमेहींचे शिक्षण

कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या जेवणाच्या वेळी तो ती म्हणू लागला. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला. उपदेश एकदा करून विषय संपला नाही, तो रोज ताटासमोर होत राहिला. मधुमेहींना नेमके हेच मिळत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टरांना प्रत्येकाशी बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. गोळी जेवणाआधी की नंतर, चुकली तर काय, इन्सुलिन रोज त्याच जागी टोचावे का, हे विचारायचे राहून जाते. मग शेजारी सांगतो, "साखर सोडा, गूळ खा." गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. भाकरीनेही वाढते, म्हणून ती मोजूनच खावी लागते.

आपल्या समाजापुरता एक मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पौर्णिमेला, विशेषतः वर्षावासात, अनेक उपासक-उपासिका अष्टशील पाळतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने औषध नेहमीसारखे घेतले आणि संध्याकाळचे जेवण सोडले, तर रक्तातील साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. विहारातल्या लोकांना वाटते, उपवासाने चक्कर आली. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. याउलट काहीजण उपवास आहे म्हणून औषधच बंद ठेवतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतते. म्हणून उपोसथ पाळायचा की नाही, पाळला तर औषधाची मात्रा किती, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

साखर घेतल्याने शील मोडेल, या भीतीने कोणी थांबू नये. विनयात आजारी भिक्खूंना दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. भिक्खूंना जी सवलत आहे, ती उपासकाला नाकारणारे आपण कोण?

दुसरा प्रश्न पायांचा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. विहाराच्या तापलेल्या फरशीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत अनवाणी चालताना खडा टोचला, फोड आला, तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर. रोज रात्री तळवे आरशात पाहायला एक मिनिट लागते. न पाहिल्यामुळे बोट किंवा पाय कापावा लागल्याची उदाहरणे वस्तीवस्तीत सापडतील.

अंगुत्तर निकायात चांगल्या रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत: हितकारक तेच करणे, त्यातही मात्रा ओळखणे, औषध घेणे, सेवा करणाऱ्याला आजाराची खरी स्थिती सांगणे आणि वेदना सोसणे. यातल्या पहिल्या चार गोष्टी शिकाव्या लागतात. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता आणि त्यांच्या घरात माईसाहेबांसारख्या डॉक्टर होत्या. बाकीच्या घरांत ते ज्ञान बाहेरूनच यायला हवे.

त्याला मोठा खर्च नाही. तिशीनंतरची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. विहारात एक ग्लुकोमीटर ठेवता येईल. पौर्णिमेच्या वंदनेनंतर आशाताई किंवा वस्तीतली एखादी नर्स अर्धा तास बोलू शकेल. मात्र तिने फक्त भाषण करू नये. समोरच्या आजीलाच विचारावे, "घाम फुटला तर काय करणार?" आणि इन्सुलिनचे पेन तिच्या हातात देऊन मात्रा लावून दाखवायला सांगावे.