आर्केडच्या पेटीत हवेची वाट

जुन्या व्हिडिओ पार्लरमध्ये असायची तशी उभी आर्केड पेटी घरीच बांधायची आणि आत जुना कॉम्प्युटर बसवून त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, चालवायचं, हा छंद आता जगभर पसरला आहे. त्यात एक प्रश्न हमखास येतो: पेटी लाकडाची, मग आतला कॉम्प्युटर तापू नये म्हणून पंखे किती लावायचे? माझ्या मते पंख्यांची मोजणी ही नंतरची गोष्ट. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि स्क्रीन यांच्या जागा कुठे आहेत, हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, हे आधी ठरायला हवं, कारण पेटी हाही यंत्राचाच एक भाग आहे. हे या उद्योगाच्या अगदी सुरुवातीलाच दिसलं होतं. 1972 साली अ‍ॅल अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरने अटारी या कंपनीसाठी ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम तयार केला तेव्हा त्याने दुकानातून हिताचीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि चार फुटी लाकडी पेटीत बसवला. आत मायक्रोप्रोसेसर नव्हता, सॉफ्टवेअरची एक ओळही नव्हती. चेंडू हलवायच्या त्या निव्वळ लॉजिक चिप्स. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ही पेटी ठेवली आणि थोड्याच दिवसांत ती बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने उघडून पाहिलं तर सर्किट ठणठणीत! नाण्यांचा डबा भरून वाहत होता आणि त्यामुळे नाणं घेणारी यंत्रणा अडकली होती. बिघाड सर्किटात नव्हता, पेटीत होता. अटारी म्हटलं की तिचा सहसंस्थापक नोलन बुशनेल याचं नाव निघतं, ते योग्यच आहे. पण सर्किट जुळवणारा, टीव्ही पेटीत बसवणारा आणि तक्रार आल्यावर ती पेटी उघडणारा अल्कॉर्न त्याच्याइतकाच आठवला जायला हवा.

आता लाकडाकडे वळू. लाकूड उष्णता अडवतं हे खरंच आहे. अशा पेट्यांना वापरतात त्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीच्या, तुलनेत पोलाद काहीशे पट चांगलं उष्णतावाहक आहे. पण एवढ्यावरून लाकडी पेटी म्हणजे भट्टी असं ठरत नाही. पूर्ण उंचीच्या पेटीचा पृष्ठभाग चार चौरस मीटरच्या आसपास भरतो. 18 मिलिमीटर जाडीचं एमडीएफ आणि दोन्ही बाजूंना चिकटून असलेले हवेचे थर, या सगळ्यांचा अडथळा धरून हिशेब केला, तर आतली हवा बाहेरपेक्षा दहा अंशांनी गरम असताना भिंतींमधूनच साधारण शंभर वॉट उष्णता निघून जाते. जुने गेम चालवणारा मध्यम कॉम्प्युटर आणि एलसीडी स्क्रीन मिळून विजेचा खर्च साधारण तेवढाच. मग तरीही मशीन का तापतं? कारण हा हिशेब सगळीकडे सारखी हवा गृहीत धरतो आणि पेटीत तसं कधीच नसतं. गरम हवा स्क्रीनच्या मागे, वरच्या कोपऱ्यात साचते. प्रोसेसरचा पंखा स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतो. पेटीचं सरासरी तापमान ठीक असतं, प्रोसेसर मात्र भाजत राहतो.

यावर कोणी म्हणेल, मग मोठा पंखा लावून मोकळे व्हा. चालेल, पण आधी पेटीला धुराड्यासारखं वागू द्या. तळाशी एक तोंड आणि मागे वर एक तोंड, दोन्हींत सव्वा मीटरचं अंतर असलं की दहा अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा पास्कल दाब तयार होतो. साधा 120 मिलिमीटरचा पंखा पंधरा-वीस पास्कल देऊ शकतो, त्यामुळे अर्धा पास्कल क्षुल्लक वाटतो. तरी दोन्ही तोंडं दोनशे चौरस सेंटिमीटरची ठेवली तर तेवढ्यावर सेकंदाला सात-आठ लिटर हवा वाहते, आणि शंभर वॉट वाहून न्यायला लागते ती सुमारे आठ लिटर. आवाज नाही, वीज नाही. पंखा लावायचाच तर वरच्या तोंडाशी, बाहेर फेकणारा, म्हणजे तो या प्रवाहाला जोड देईल. खाली तोंडच नसेल तर कितीही पंखे लावा, आतल्या आतच हवा ढवळली जाणार.

बोर्डाची जागाही यातूनच ठरते. अनेक जुन्या आर्केड पेट्यांमध्ये सर्किट बोर्ड बाजूच्या भिंतीला उभा बसवलेला दिसतो, आणि ती जागा उत्तम आहे: हवा त्याच्या दोन्ही अंगांवरून वर सरकते. मदरबोर्डही तसाच, खालच्या अर्ध्या भागात, पितळी स्टँडऑफवर (छोट्या खुंट्यांवर) बसवावा. थेट लाकडावर स्क्रूने आवळला तर खालची सोल्डरची टोकं टेकतात, बोर्ड वाकतो आणि मागून हवाही जात नाही. काही जण म्हणतात, कॉम्प्युटर त्याच्या मूळ पत्र्याच्या डब्यासकटच आत ठेवा. याची एक बाजू पटण्यासारखी आहे. पत्र्यामुळे अर्थिंग आपोआप मिळतं आणि रेडिओ लहरींचा उपद्रवही कमी होतो. पण त्या डब्याची गरम हवा नळीतून पेटीबाहेर नेली नाही, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढण्याचा वर सांगितलेला दोष परत येतो. उघडा बोर्ड बसवणाऱ्यांनी मात्र अर्थिंग विसरू नये. नाण्याचा लोखंडी दरवाजा, धातूचं कंट्रोल पॅनल यांना अर्थची वेगळी तार हवीच. हात तिथेच लागतात.

सगळं बसवून झालं की दोन साधे थर्मामीटर घ्या, एक तळाच्या तोंडाशी आणि एक स्क्रीनच्या मागे वर. मागची फळी लावून तासभर खेळा, मग आकडे वाचा. फरक दहा अंशांच्या आत असेल तर आणखी पंखा विकत घ्यायची गरज नाही. वीसच्या पुढे गेला तर आधी तळाचं तोंड मोठं करा.