दलदलींतील लांकडी वाट

कल्पना करा, आपलें राहतें घर आज जमिनींत गाडलें गेलें आणि पांच-सहा हजार वर्षांनीं कोणा पंडितानें तें उकरलें. धातूच्या वस्तू क्षणभर सोडून देऊं. त्याच्या हातीं काय लागेल? पाटा, वरवंटा, जातें आणि खलबत्ता. पोळपाट, लाटणें, रवी, पाळणा यांची केव्हांच माती झालेली असेल. ‘हे लोक दगडावर जगत होते,’ असा निर्णय देऊन तो मोकळा होईल!

नवाश्मयुगाविषयीं आपण नेमकें असेंच बोलत आलों आहों. घासून गुळगुळीत केलेलें कुऱ्हाडीचें दगडी पातें संग्रहालयांत पाहून आपण त्याला हत्यार म्हणतों. वस्तुतः तें अर्धेंच हत्यार होय. दांडा कुजला, आणि त्या कुऱ्हाडीनें जें जें घडविलें तेंहि कुजलें.

मात्र जमीन सदैव पाण्यानें भरलेली असली, म्हणजे आंत हवा शिरत नाहीं आणि लांकूड कुजविणाऱ्या बुरशीचें फारसें चालत नाहीं. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत अशी दलदल आहे. शेवाळ व बोरू साचून तेथें ‘पीट’ नांवाची काळी माती बनली आहे. १९७० सालीं रे स्वीट हा पीट खणणारा कामगार तेथें चर साफ करीत असतां त्याला एक टणक फळी लागली. ती त्यानें फेंकून दिली नाहीं, हें आपलें भाग्य! पुढें जॉन कोल्स यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सुमारें दोन किलोमीटर लांबीची पाऊलवाट उजेडांत आली.

तिची रचना मोठ्या युक्तीची आहे. ओल्या जमिनीवर लांब वासे टाकले. त्यांच्या दोन्ही बाजूंनीं तिरप्या खुंट्या ठोकून कैच्या केल्या. आणि कैचीच्या बेचक्यांत फळ्या बसविल्या. करवत नव्हतीच. ओकचीं खोडें पाचरी मारून चिरलेलीं आहेत. खोडांतील वर्षवलयें जुळवून पाहतां, हीं झाडें इसवी सनापूर्वी ३८०७-०६ च्या हिवाळ्यांत वा लगतच्या वसंतांत तोडलीं असें ठरलें. एका टोंकाकडील ओक सुमारें चारशें वर्षांचे, तर दुसऱ्या टोंकाकडचे पुष्कळ तरुण. म्हणजे लांकूड दोन निराळ्या रानांतून आलें, बहुधा दोन वस्त्यांनीं मिळून तें काम केलें. कांहीं खुंट्या तर बुंध्याशीं तोडलेल्या झाडाला नव्यानें फुटलेल्या सरळ धुमाऱ्यांच्या आहेत. रान राखून पुन्हां पुन्हां पीक घेण्याची कला त्यांना अवगत होती.

इतका खटाटोप, आणि वाट वापरांत राहिली अवघीं दहाएक वर्षें! तिच्या कडेला एक फुटकें मडकें व हेझेलचीं फळें सांपडलीं. कोणाचा तरी पाय घसरला असावा. जवळच हिरवट जेड दगडाचें एक सुरेख पातेंहि मिळालें. तो दगड दूरच्या आल्प्स पर्वतांतला, आणि पात्याला वापराची खूण नाहीं. तें हातून पडलें कीं भक्तीनें अर्पण केलें, याचा उलगडा दगड करीत नाहीं, आणि लांकूडहि करीत नाहीं.

पीट खणण्यासाठीं दलदलींतील पाणी काढून टाकलें, कीं हीं लांकडें सुकून तडकतात. म्हणून १९८० नंतर तेथील सुमारें अर्ध्या किलोमीटरच्या भागांत पंपानें पाणी खेळवून जमीन ओली राखण्याची योजना करण्यांत आली. त्या वाटेचा बराचसा भाग अद्याप न उकरलेला, जेथल्या तेथें पडून आहे.