बर्फावरचा जमाखर्च : फिगर स्केटिंगमधील उडी आणि लालित्य (लेखांक सातवा)

दिल्लीची हद्द ओलांडून जयपूरच्या महामार्गाने गुरुग्रामात पाऊल टाकताच अँबियन्स मॉल नावाची जी अवाढव्य इमारत लागते, तिच्या सहाव्या मजल्यावर यंत्रांनी गोठवलेल्या बर्फाचा एक पट बारमाही अंथरलेला असतो, ही गोष्ट ज्येष्ठातील भाजून काढणाऱ्या लूमधून तेथे पोहोचणाऱ्यास प्रथमदर्शनी अतिरंजित वाटते. परंतु आइस स्केटिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा एकाहून अधिक वेळा याच पटावर भरल्या आहेत. सिमल्याचे १९२० सालचे नैसर्गिक बर्फाचे मैदान हिवाळ्यापुरतेच जिवंत असते. डेहराडूनचे पूर्ण मापाचे सभागृह २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारले गेले, पुढे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिले आणि २०२५ साली पुनश्च उघडले. अशा देशात फिगर स्केटिंगचा जो काही संसार गेल्या दशकात मांडला गेला, तो बराचसा या सहाव्या मजल्यावर मांडला गेला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

मागील लेखांकात आपण ज्यांचा निवाडा घड्याळ करते असे हिवाळी खेळ पाहिले. आज ज्या खेळाकडे वळावयाचे त्याचा निवाडा माणसे करतात, आणि म्हणूनच त्यात एक जुना तंटा आजतागायत तुंबून राहिला आहे: बर्फावरून हवेत झेपावून तीन-चार फेरे घेणाऱ्या देहाला अधिक मोल द्यावे, की संगीताच्या ओघात बर्फावरून वाहत जाणाऱ्या देहाला? पक्षकार दोन, साक्षीदार असंख्य, आणि निकाल मात्र दर चार-दोन वर्षांनी फिरतो.

या तंट्याचे मूळ दफ्तर उघडून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. प्रारंभी या खेळात उडीला जवळजवळ स्थानच नव्हते. बर्फावर पात्याने वर्तुळे आणि आठाचे आकडे कोरावयाचे, तेच आकडे पुन्हा त्याच रेषेवर गिरवावयाचे, आणि मग परीक्षकांनी ओणवे होऊन त्या रेषा तपासावयाच्या, असा तो मामला होता. जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन नर्तकाने १८६० च्या दशकात व्हिएन्नात येऊन बर्फावर संगीताच्या साथीने नृत्य केले तेव्हा कोठे या शिस्तबद्ध रेखाटनात प्राण आला. तरीही रेखाटनाची सद्दी दीर्घकाळ टिकली. १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाने रेखाटनात इतकी आघाडी घेतली, की मुक्त सादरीकरणात सातवी येऊनही सुवर्णपदक तिच्याच गळ्यात पडले, आणि मुक्त सादरीकरणात पहिली आलेली जॅनेट लिन तिसऱ्या पायरीवर राहिली. दूरचित्रवाणीवर केवळ मुक्त सादरीकरण पाहिलेल्या प्रेक्षकांना हा निकाल उमगला नाही. दुसऱ्याच वर्षी नियम बदलले, रेखाटनाचा हिस्सा घटला, आणि १९९० साली ते जागतिक स्पर्धांतून कायमचे बरखास्त झाले. ती रिकामी जागा उड्यांनी भरून काढली.

आता उडी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. स्केटचे पाते सपाट नसते; त्याला लांबीभर एक पन्हळ असते, त्यामुळे त्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा मिळतात, आणि पुढच्या टोकास दातेरी चोच असते. एकूण सहा उड्या मान्य आहेत, आणि त्या ओळखावयाच्या त्या झेप कोणत्या कडेवरून घेतली यावरून. ॲक्सल ही एकटीच समोर तोंड करून घ्यावयाची, म्हणून तिच्यात अर्धा फेरा अधिक. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या नवख्या डोळ्यास जुळ्या बहिणींसारख्या वाटतात. दोहोंत स्केटर पाठमोरा येतो, दोहोंत मोकळ्या पायाची चोच बर्फात रोवून उसळी घेतो. फरक इतकाच, की लुट्झमध्ये आधाराचा पाय बाहेरच्या कडेवर असतो आणि फ्लिपमध्ये आतल्या. बाहेरच्या कडेवरून येताना देहाचा कल एका दिशेस असतो आणि हवेत फिरावयाचे असते उलट दिशेस, म्हणून लुट्झ कठीण, आणि म्हणूनच घाईत असलेला स्केटर अखेरच्या क्षणी नकळत आतल्या कडेवर घसरतो. गुरुग्रामच्या पटावर सकाळी, सुटीची गर्दी लोटण्यापूर्वी, एखादा प्रशिक्षक शिष्येला उडीनंतर परत त्याच जागी नेतो आणि बर्फावरची रेघ दाखवतो: हातभर लांबीची स्वच्छ वक्ररेषा, आणि चोचीच्या खड्ड्याच्या अलीकडे बोटभर अंतरावर तिने मारलेले एक लहानसे वळण. उडी डोळ्यांना उत्तम दिसलेली असते. रेघ मात्र खोटी साक्ष देत नाही.

मला या प्रकरणात सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. परीक्षकांच्या कागदावर उडी आणि कला ही दोन निरनिराळी खाती असली तरी बर्फावर त्यांचा उगम एकाच ठिकाणी, पात्याच्या कडेत, आहे. जो स्केटर कडेवर निःशंकपणे झुकू शकतो त्यालाच वेग साधतो, आणि वेग ज्याला साधतो त्याचीच उडी उंच जाते व त्याचेच वळण डोळ्यांत भरते. जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३ व २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे जगज्जेती झाली, ती तीन फेऱ्यांच्या ॲक्सलविना आणि चार फेऱ्यांच्या एकाही उडीविना. तिची साधी दोन फेऱ्यांची ॲक्सल मात्र इतक्या वेगाने येते आणि इतके अंतर कापते, की ती व्यायाम आहे की नृत्य, याचा निर्णय करण्याची गरजच उरत नाही.

मग तंटा का मिटत नाही? त्याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. पूर्वी ६.० ही परमावधी मानून तांत्रिक गुण आणि कलात्मक गुण असे दोन आकडे दिले जात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षिकेच्या मतावरून असा गहजब उडाला, की अखेरीस कॅनडाच्या जोडीस दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ साली जुनी पद्धत मोडीत काढून नवी अमलात आणली. या नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला दरपत्रकात मुकर्रर केलेली किंमत असते. आजच्या दराने तीन फेऱ्यांची टो लूप ४.२०, तीन फेऱ्यांची लुट्झ ५.९०, तीन फेऱ्यांची ॲक्सल ८.००, चार फेऱ्यांची लुट्झ ११.५० आणि चार फेऱ्यांची ॲक्सल १२.५०. त्या किमतीवर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी प्रत ठरवतात, आणि प्रत्येक पायरीस मूळ किमतीचा दहावा हिस्सा वाढतो वा कमी होतो. याखेरीज रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य या तीन सदरांखाली दहापैकी गुण मिळतात. ही झाली कलेची बाजू. २०२२ पूर्वी अशी पाच सदरे होती.

या जमाखर्चात एक खोच आहे. कलेच्या सदरांना छत आहे, उड्यांना नाही. पुरुषांच्या मुक्त सादरीकरणात तिन्ही सदरांत दहापैकी दहा मिळाले तरी बेरीज ९९.९ च्या पुढे जात नाही, आणि पाच सदरे होती तेव्हाही ती शंभरावरच थांबत असे. पद्धत आखली गेली तेव्हा एका सादरीकरणात चार फेऱ्यांच्या एक-दोन उड्या हीच पराकाष्ठा होती, म्हणून पारडी बऱ्यापैकी समतोल होती. पुढे नेथन चेनने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये अशा सहा उड्या घेतल्या, आणि २०२२ साली इलिया मालिनिनने चार फेऱ्यांची ॲक्सल प्रथमच स्पर्धेत साधली. त्याच मालिनिनने २०२४ च्या मॉन्ट्रियल जागतिक स्पर्धेत मुक्त सादरीकरणात २२७.७९ गुण मिळवले. वाचकाने सोपी वजाबाकी करून पाहावी: कलेचे सारे गुण त्याला पूर्णांशाने मिळाले असे गृहीत धरले तरी १२७ हून अधिक गुण तांत्रिक खात्यातीलच निघतात. एका पारड्यात भर घालण्यास मज्जाव आणि दुसरे पारडे खुले, अशा तराजूने तोल राहील कसा?

नियमकर्त्यांना ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. १९८२ साली एलेन झायाक एकाच जातीची तीन फेऱ्यांची उडी पुनःपुन्हा घेऊन जगज्जेती झाली, तेव्हा पुनरावृत्तीवर निर्बंध घालणारे कलम आले आणि ते आजही तिच्याच नावाने ओळखले जाते. २०१८ ची दुरुस्ती त्याहून मार्मिक होती. तत्पूर्वी चार फेऱ्यांच्या लुट्झची किंमत १३.६० होती, ती उडी फेरे पुरे करून स्केटर धाडकन आपटला तर प्रतीचे चार आणि पडल्याचा एक असे पाच गुण वजा होत आणि ८.६० शिल्लक राहत. उलट तीन फेऱ्यांची लुट्झ निर्दोष, डौलदार, परीक्षकांच्या कमाल पसंतीची झाली तरी ८.१० च्या वर जात नसे. म्हणजे पडण्याची किंमत न पडण्यापेक्षा अधिक! आजच्या दराने तीच पडलेली उडी ४.७५ वर येते, आणि सुबक झालेली तीन फेऱ्यांची उडी तिला सहज मागे टाकते. शिवाय उडीची प्रत ठरवताना जे निकष पाहिले जातात, त्यांत उंची व लांबी, झेप व उतरणे यांच्याच पंक्तीला सहजता, झेपेपूर्वीची पदन्यासाची गुंफण, देहाची ठेवण आणि संगीताशी मेळ यांना बसवले आहे. हे मला विशेष स्वागतार्ह वाटते. गवयाची तान कितीही दमदार असो, ती समेवर आली नाही तर जाणता श्रोता मान हलवीत नाही. तद्वत संगीताच्या आघाताशी फटकून उतरलेली उडी निव्वळ कसरत ठरावी, हा न्याय आता कागदावर तरी आला आहे.

कागदावर, असे मुद्दाम म्हणतो. कारण चार फेऱ्यांच्या उडीसाठी हवेत मिळणारा अवकाश सेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. तेवढ्यात हात-पाय देहाशी आवळून चार फेरे पुरे करावयाचे आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पावलावर झेलावयाचा. पाव फेरा अपुरा राहिला तरी तांत्रिक मंडळ चलच्चित्र संथ करून तो पकडते. हे दडपण डोक्यावर असताना स्केटर उडीपूर्वी लांबलचक, रिकामी धाव घेतो, मान वळवून जागा हेरतो, श्वास रोखतो. चार मिनिटांच्या सादरीकरणात अशा सात उड्यांना मुभा, म्हणजे सात वेळा संगीत एकटेच पुढे जाते आणि स्केटर त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्या कामाला लागतो. सामान्य प्रेक्षकाला जो रसभंग जाणवतो तो बहुधा येथे असतो, उडीत नव्हे.

ज्यांना केवळ नृत्यच हवे त्यांच्यासाठी आइस डान्सची वेगळी शाखा आहे, तीत अनेक फेऱ्यांच्या उड्यांना मनाईच आहे. भारतीय वाचकास त्या शाखेतील एक प्रसंग ठाऊक असावा: २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस व चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने लोकनृत्याच्या फेरीत हिंदी चित्रपटगीतांवर, त्यांत ‘कजरा रे’ वर, नृत्य सादर केले, आणि मनगटाच्या मुरडीपासून मानेच्या हालचालीपर्यंत आपल्याकडील ठेवण बर्फावर उतरवण्याचा त्यांचा यत्न वाखाणला गेला. त्यांना त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत इव्हान लायसाचेकने चार फेऱ्यांची एकही उडी न घेता, ती घेणाऱ्या प्लुशेन्कोला १.३१ गुणांनी मागे टाकले, आणि प्लुशेन्कोच्या गोटातून जी आगपाखड झाली तिची धग काही वर्षे निवली नाही.

आता पुन्हा गुरुग्रामकडे. येथील पट ऑलिंपिकच्या साठ मीटर बाय तीस मीटर या मापाचा नाही, आणि तो व्यापारी संकुलात असल्याने त्यावर पहिला हक्क तिकीट काढून येणाऱ्या हौशी मंडळींचा असणे क्रमप्राप्त आहे. आपल्याकडील बहुतेक मुले चाकांच्या स्केट्सवरून, म्हणजे सिमेंटच्या पटावरून, बर्फाकडे येतात. त्यांना वेगाची भीती नसते, परंतु कडेवर झुकण्याची सवय नसते. अशा स्थितीत तासाभराच्या बर्फावर काय शिकवावे? पालकांना उडी दिसते, मोजता येते, भ्रमणध्वनीवर टिपून नातेवाइकांना धाडता येते. कडेवरचा झुकाव यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून मुले एकेरी ॲक्सलवर महिनोन्महिने खर्ची घालतात आणि पदन्यास स्पर्धेच्या पंधरवड्यावर ढकलला जातो.

वरच्या दरपत्रकावरून मी एक हिशेब मांडून पाहिला आहे. स्त्रियांच्या स्पर्धेत तिन्ही सदरांतील गुणांना लघु सादरीकरणात १.३३ ने आणि मुक्त सादरीकरणात २.६७ ने गुणतात. एखाद्या स्केटरचा प्रत्येक सदरातील गुण दहापैकी केवळ एकाने वाढला, तर दोन्ही सादरीकरणे मिळून बेरजेत बारा गुणांची भर पडते. तीन फेऱ्यांच्या दोन लुट्झ मिळून ११.८० होतात. ज्या मुलीला तीन फेऱ्यांची एक उडी साधण्यास वर्षे लागतात, आणि ती साधताना घोटा व कंबर पणाला लागते, तिला हे बारा गुण झुकाव, वेग आणि वळण यांच्या अभ्यासाने मिळू शकतात. आणि तो अभ्यास पुढे उडीच्याही कामी येतोच. अमेरिकेत जन्मून भारताकडून खेळणारी तारा प्रसाद २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवी आली. तिच्या कितीतरी आधी, २००७ च्या सुमारास, अमी पारेख हीही अमेरिकेतच घडून भारताच्या नावावर उतरली होती. या दोघींना लहानपणापासून जे लाभले ते पूर्ण मापाचे बर्फ आणि त्यावरचे तास. गुरुग्रामच्या मुलीला ते लाभेपर्यंत तिच्या प्रशिक्षकाने पहिली अर्धी घटका निव्वळ कडेवर काढावी, आणि पालकांनी त्या वेळी भ्रमणध्वनी खिशात ठेवावा, असे माझे मत आहे. ते सर्वांना रुचेल अशी खात्री देता येत नाही.

राहता राहिला प्रश्न, की हे सदरांतील गुण देणारे नऊ परीक्षक खरोखरीच कला मोजतात, की उड्या पाहून कलेचे गुणही त्याच ओघात वाढवतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी काढण्याची तरतूद, तांत्रिक मंडळाचे निराळे अधिकार, आणि एकाच स्केटरच्या तिन्ही सदरांतील आकडे एकमेकांना चिकटून का चालतात, यांचा विचार पुढील लेखांकी करू.