टिटवीची ओली पिसे

टिटवीचे घरटे तुम्ही पाहिले आहे का? कुपवाडच्या आसपासच्या माळावर ते सापडेल. घरटे कसले, खड्यांमधला उथळ खळगाच! त्यात बहुधा ४ अंडी असतात.

पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब देण्यासाठी, हे तुम्हांला ठाऊकच आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी उघडी जमीन इतकी तापते की, अंड्यातील जीव उष्णतेनेच मरावयाचा. म्हणून नर व मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात. शिवाय जवळच्या पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओली पिसे अंड्यांना टेकवितात. पाण्याची वाफ होताना ते अंड्यांतील उष्णता शोषून घेते. माठातले पाणी याच तत्त्वाने गार होते.

सुमारे ४ आठवड्यांनी पिले बाहेर येतात व लवकरच चालू लागतात. आईबापांनी धोक्याची हाक दिली की ती जमिनीला चिकटून निश्चल बसतात व मातीच्या रंगात दिसेनाशी होतात.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली, तर तिला अपशकुनी समजू नका. घरटे जवळच असेल. पायाखाली पाहत लगेच दूर व्हा. तुम्ही जितका वेळ थांबाल, तितका वेळ तिची अंडी उन्हात उघडी राहतील.