डिप्पर उडाला, आता काय?

डिप्पर उडाला की पुष्कळ दुचाकीस्वार बिनधास्त अप्परवर गाडी हाणत राहतात. ‘अप्पर लागतोय म्हणजे बल्ब चांगला आहे, वायरिंगचाच लोचा असणार,’ अशी स्वतःची समजूत घालतात, आणि समोरून येणारा डोळ्यांवर हात धरून शिव्या मोजतो. वस्तुस्थिती अशी, की हॅलोजन हेडलाइटच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात: एक अप्परची, एक डिप्परची. त्यांतली एक तुटली तरी दुसरी खुशाल जळत राहते. तेव्हा एक लागते आणि एक लागत नाही, तर पहिला संशय बल्बवरच घ्यावा. दोन्ही एकदम गेल्या असतील, तर नवा बल्ब आणण्याआधी फ्यूज आणि होल्डर पाहावा.

बल्ब काढून खिडकीच्या उजेडात धरला की बरंच कळतं. तुटलेली तार लोंबताना दिसते. काचेच्या आत पांढुरकी भुकटी साचली असेल, तर सील जाऊन आत हवा शिरली आहे.

‘हे गॅरेजचंच काम’ हा दुसरा समज. बहुतेक साध्या गाड्यांत वायझरचे किंवा हेडलाइटच्या कड्याचे एक-दोन स्क्रू काढले की डोम पुढे येतो. मागचा कपलर ओढायचा, पण वायरीला नव्हे, त्याच्या अंगाला धरून. मग रबरी बूट, त्याखाली तारेची क्लिप, आणि बल्ब हातात. नवा उलटा बसेल ही भीती नको. त्याच्या चकतीला तीन कान असतात आणि त्यांतला एक वेगळ्या मापाचा असल्याने तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर दाबू नये, फिरवून पाहावं. शेवटी बूट नीट चढवायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच पावसात डोममध्ये पाणी. एवढ्यासाठी एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

काचेला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. ही काच क्वार्ट्झची असते आणि बल्ब चालू असताना अडीचशे अंशांच्या वर तापते. बोटाचं तेल तिथे भाजतं, काच त्या जागी दुबळी होते आणि बल्बचं आयुष्य घटतं. पण हात लागला म्हणून बल्ब फेकून देण्याचं कारण नाही. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट स्वच्छ कापडावर घेऊन काच पुसली की झालं. तेच कापड मग रिफ्लेक्टरवर फिरवायचा मोह मात्र आवरावा. तिथली चकाकी म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. पुसताना तोच निघून येतो आणि तो परत बसत नाही.

खरा घोटाळा होतो तो दुकानात. पुण्याच्या नाना पेठेत असो की तालुक्याच्या गावी, ‘नव्वद-शंभर घेऊन जा, दिवस पडेल’ असं सांगणारा भेटतोच. स्प्लेंडरसारख्या गाडीत ३५/३५ वॉटचा एचएस-वन बल्ब असतो, तर हॅलोजनवाल्या क्लासिक ३५० मध्ये ६०/५५ वॉटचा एच-फोर. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, पण चकतीच्या मापात फरक. तो फरक काही जण कानसीने मिटवतात. मुद्दा विजेचा आहे. ३५ वॉटला १२ व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर लागतात, शंभर वॉटला आठच्या वर. वायर, होल्डर आणि स्विच तीन अँपिअरच्या हिशोबाने केलेले. ते तापतात, होल्डरचं प्लास्टिक वितळतं. शिवाय बारीक वायरीतच व्होल्टेज पडतं, आणि हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे मोठ्या बल्बच्या उजेडाचा मोठा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो.

एलईडीचं प्रकरण याहून बेरकी. कंपनीने मुळातच एलईडी बसवलेल्या गाडीचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या दिव्यासाठीच घडवलेलं असतं. हॅलोजनच्या घरात एलईडी कोंबली की गणित बिघडतं. एच-फोरमध्ये डिप्परच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. तार आणि वाटी जागेवरून मिलिमीटरभर हलली तरी झोत विस्कटतो, आणि स्वस्तातल्या एलईडीत ही जागा सहसा काटेकोर जुळवलेली नसते. स्वाराला आजूबाजूची झाडं लख्ख दिसतात म्हणून तो खूश, समोरच्याला मात्र काहीच दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ याच्यावरच आहे: आठ मीटरवर उभ्या माणसाचे, दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपू नयेत, इतका झोत खाली वळलेला हवा.

त्यात ‘सहा हजार केल्विन’ म्हणजे जास्त उजेड, असाही समज आहे. केल्विन हा रंगाचा आकडा. हॅलोजन तीन हजारांच्या थोडं वर, पिवळसर, आणि सहा हजार म्हणजे निळसर पांढरा. उजेड किती, हे ल्युमेन सांगतात. हॅलोजनवर निळा मुलामा देऊन विकलेले बल्ब तर आपलाच काही उजेड गिळतात.

दर दोन-चार महिन्यांनी बल्ब उडत असेल, तर दोष कंपनीला देण्याआधी बॅटरीवर मल्टिमीटर लावून पाहावा. इंजिनाची रेस वाढवल्यावर आकडा साडेचौदाच्या आसपास थांबायला हवा. पंधराच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर गेला आहे. व्होल्टेज पाच टक्के चढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. याउलट, कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटवर, म्हणजे एसीवर चालते. रेस कमी केली की उजेड मंदावणं हा त्यांचा स्वभावच आहे. नव्या बल्बने तो जात नाही, आणि डीसीसाठी बनवलेली एलईडी तिथे लुकलुकते.

आणि दिवसा लाइट जळते म्हणून बॅटरी बसते, ही तक्रार. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर हेडलाइट आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं. ती इंजिन सुरू असतानाच लागते, आणि तेव्हा वीज चार्जिंगमधून येते. बल्ब मात्र लवकर झिजतो, हे खरं.

तेव्हा दुकानात जाताना जुना बल्ब खिशात घाला आणि त्याच्या चकतीवर कोरलेला प्रकार आणि वॉट नव्याशी ताडून पाहा. वर्तुळात ‘ई’ आणि आकडा असलेला मिळाला तर उत्तम. बसवून झाल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा, वर बसा, कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा आणि डिप्परचा झोत कुठे पडतो ते पाहा. तो हेडलाइटच्या उंचीपेक्षा वर चढत असेल, तर डोमचा स्क्रू फिरवून खाली आणा आणि मगच हायवेला लागा.